काठोकाठ भरलेला हंडा



जून महिना लागला की शाळेतून मुले निरोप घेऊन येतात, "आई, एकवीस तारखेला सतरंजी न्यायची आहे, योग दिवस आहे." संयुक्त राष्ट्रसंघाने ११ डिसेंबर २०१४ रोजी ठराव करून २१ जून हा दिवस योगासाठी ठरवला आणि २०१५ पासून तो जगभर पाळला जातो. मूल सतरंजी काखेत मारून शाळेला जाते, पण मागे घरात चर्चा सुरू होते. आजोबा म्हणतात, "हे आपले नव्हे." सून म्हणते, "बाबा, मला तर कंबरेसाठी डॉक्टरांनीच आसने सांगितली आहेत." कॉलेजात जाणारा मुलगा दोघांनाही उडवून लावतो, "ध्यान नि योग ही रिकामटेकड्यांची कामे."

हाच वाद गेल्या वैशाखी पौर्णिमेला जव्हारमध्ये आमच्यासमोर आला. आम्ही त्यावर तिथे जे बोललो, जे बोलू शकलो नाही आणि दुसऱ्या दिवशी जे शिकलो, ते आज या सदरात मांडतो.

जव्हार-मोखाड्याचा मुलूख अनेकांनी पाहिला नसेल. नाशिकहून त्र्यंबकेश्वर मागे टाकले, तोरंगणचा घाट उतरला की मोखाडा लागते आणि पुढे जव्हार. जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर आहे. एकेकाळचे मुकणे घराण्याचे संस्थान. १ ऑगस्ट २०१४ पासून हे दोन्ही तालुके नव्या पालघर जिल्ह्यात आले, त्याआधी ते ठाणे जिल्ह्यात होते. वस्ती मुख्यतः आदिवासींची. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी. नागली, वरई, भात आणि खुरासणी ही इथली पिके. दिवाळी झाली की पाडेच्या पाडे ओस पडतात, माणसे भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर नि बांधकामावर निघतात. आपली बौद्ध घरे इथे मोजकीच. कोणी एस.टी.त, कोणी शाळेत, कोणी दवाखान्यात नोकरीला, तर कोणी पिढ्यान्‌पिढ्या इथलेच.

पावसाळ्यात इथे इतका पाऊस पडतो की छत्री निरुपयोगी ठरते. तोच मुलूख एप्रिल-मे महिन्यांत घोटभर पाण्यासाठी तळमळतो. मुंबईला पाणी पुरवणारे मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यात आहे आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते.

पौर्णिमेला संध्याकाळी वंदना झाली, खीर वाटली गेली आणि आम्ही सम्यक स्मृतीवर बोललो. श्वासावर लक्ष ठेवून शांत बसावे, रोज वीस मिनिटे तरी द्यावीत, असे सांगितले. बोलणे संपल्यावर एक तरुण उठला. आय.टी.आय. झालेला, हातात वही. म्हणाला, "सर, इथे प्यायला पाणी नाही. पोरांना पोटभर खायला नाही. अशा ठिकाणी आम्ही श्वास मोजत बसायचे काय? बाबासाहेबांनी संघर्ष करायला सांगितले होते."

त्याचे संपते न संपते तोच मागून एक मावशी बोलल्या. त्या एका आश्रमशाळेत स्वयंपाकाला आहेत. वय साठीकडे झुकलेले. "दादा, तुमचं पटतं. पण चार वाजता पाण्याच्या नंबराला जायचं, मग दोनशे पोरांचा सैपाक. रात्री पाठ टेकली की मेल्यागत झोप. डोळे मिटून बसायचं कधी? अन् बसलं तर डुलकी लागते. मग आम्ही धम्मात मागं राहिलो का?"

तरुणाला आम्ही तिथल्या तिथे उत्तर दिले. मावशींना काय सांगावे ते मात्र सुचले नाही. "सवड मिळेल तसे करा" असे काहीतरी पुटपुटलो. त्या "बरं" म्हणाल्या आणि पातेली घासायला गेल्या.

प्रथम आजोबांच्या शंकेकडे वळू : हे आपले आहे का?

बाबासाहेबांचा 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ आपल्या बहुतेक घरांत आहे. तो त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्यात सिद्धार्थ गौतमाच्या शोधाची हकीकत आहे. सिद्धार्थ आलार कालामांकडे गेले, ध्यानमार्ग शिकले. त्या काळी ध्यानाचे वेगवेगळे पंथ होते आणि श्वासावर ताबा ही त्या सर्वांतली समान गोष्ट होती, असे बाबासाहेब सांगतात. त्यांनी आनापानसती आणि प्राणायाम असे दोन्ही मार्ग नावानिशी नोंदवले आहेत. प्राणायामातले पूरक, कुंभक, रेचक म्हणजे श्वास घेणे, रोखणे, सोडणे हेही त्यांनी लिहिले आहे. सिद्धार्थ हे सर्व शिकले, त्यांत पारंगत झाले. तरी जगातल्या दुःखाचे काय करावे, या प्रश्नाचे उत्तर तेवढ्याने मिळाले नाही, म्हणून ते पुढे गेले.

याचा अर्थ सरळ आहे. भगवंतांनी ही विद्या तपासून पाहिली, उपयोगाचे ठेवले आणि तिथेच थांबले नाहीत. आपणही तेच करावे. श्वासाला जात नाही, तो कोणा एकाच्या मालकीचा नाही. कंबर वाकवल्याने, पाठ ताणल्याने दुखणे कमी होत असेल तर ते जरूर करावे. त्यासोबत कोणी देवपूजा किंवा मंत्र चिकटवत असेल तर ते बाजूला ठेवावे, बावीस प्रतिज्ञांनी आपल्याला ती वाट दाखवलेली आहे. मुलाने शाळेत सतरंजी घालून हातपाय ताणले म्हणून त्याचा धम्म बुडत नाही.

प्राणायाम आणि आनापान यांतला फरकही समजून घ्यावा. प्राणायामात श्वास आपण चालवतो. लांब करतो, रोखतो. आनापानात श्वास जसा चालला आहे तसा फक्त जाणायचा. लांब असेल तर लांब आहे हे कळावे, आखूड असेल तर आखूड आहे हे कळावे. सतिपट्ठान सुत्तात भगवंतांनी यासाठी दाखला दिला आहे तो कातारी माणसाचा. लाकूड कातताना कुशल कातारी लांब फेरा घेतो तेव्हा त्याला कळते की हा लांब, आखूड घेतो तेव्हा कळते की हा आखूड. पुढे शरीराचे वर्णन करताना तोंड बांधलेल्या धान्याच्या पोत्याचा दाखला येतो. पोते सोडून माणूस पाहतो : हे तांदूळ, हे मूग, हे तीळ. कारखान्यात लेथवर काम करणाऱ्या आणि मार्केटात पोती उचलणाऱ्या आमच्या वाचकांनी ध्यान देऊन पाहावे. हे दाखले कामकऱ्यांच्या हातांतून आलेले आहेत.

पालीत या जागरूकतेला 'सति' म्हणतात. सती जाण्यातला तो शब्द नव्हे. सति म्हणजे स्मृती, भान, जागेपणा. अष्टांगिक मार्गातले सातवे अंग तेच, सम्यक स्मृती. बाबासाहेबांनी तिचा अर्थ मनाने सतत जागे राहून वाईट विकारांवर पहारा ठेवणे, असा सांगितला आहे. आठव्या अंगाविषयी, म्हणजे सम्यक समाधीविषयी, ते आणखी एक महत्त्वाची गोष्ट बजावतात. नुसत्या एकाग्रतेने मनातले अडथळे तात्पुरते थांबतात, बैठक मोडली की ते परत येतात. मनाला कुशल कर्माचे कायमचे वळण लागले पाहिजे. आम्हांला वाटते, हे सर्व ध्यान करणाऱ्यांनी भिंतीवर लिहून ठेवावे.

आपल्या मराठी मुलखात ही विद्या नवी नाही. गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी (१८७६-१९४७) श्रीलंकेत जाऊन भिक्खू झाले, परत येऊन त्यांनी मराठीत धम्माची पुस्तके लिहिली. त्यांतले एक 'समाधिमार्ग' नावाचेच आहे. पुढे १९६९ मध्ये सत्यनारायण गोयंका ब्रह्मदेशातून भारतात आले आणि त्यांनी विपश्यनेची शिबिरे सुरू केली. इगतपुरीचे धम्मगिरी हे त्यांचे केंद्र मोखाड्यापासून काही फार दूर नाही. १९९४ मध्ये दिल्लीच्या तिहार तुरुंगात हजारावर कैदी एका शिबिरात बसले होते. या शिबिरांत शिकवल्या जाणाऱ्या काही गोष्टींबद्दल आपल्या समाजात मतभेद आहेत. ते असू द्यावेत, चर्चाही व्हावी. पण ज्याने दहा दिवस बसून पाहिले आणि ज्याची दारू सुटली, त्याच्या बायकोला विचारल्याशिवाय निकाल देऊ नये.

दुसरी हकीकत योगाशी थेट निगडित आहे. लोकमित्र नावाचे एक इंग्रज बौद्ध तरुण १९७७ मध्ये भारतात आले ते पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांच्याकडे योगासने शिकण्यासाठी. त्या ऑक्टोबरात ते नागपूरला गेले, तेव्हा धम्मदीक्षेला एकवीस वर्षे झाल्याचा सोहळा चालू होता. दीक्षाभूमीवर लोटलेला आपला समाज त्यांनी पाहिला. आसने शिकायला आलेला हा माणूस पुण्यात स्थायिक झाला आणि त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गण या संस्थेच्या कामाला लागला. झोपडपट्ट्यांत दवाखाने, बालवाड्या, वसतिगृहे आणि त्यासोबत आनापान व मैत्रीभावनेचे वर्ग. भाजे येथे शिबिरे भरू लागली आणि आपले गिरणी कामगार, सफाई कामगार, शिक्षक तिथे बसू लागले. योगापासून निघालेली वाट माणसांच्या सेवेला येऊन मिळू शकते, याचे हे आपल्या डोळ्यांसमोरचे उदाहरण.

परदेशात तर डॉक्टरांनीच हे हाती घेतले. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या रुग्णालयात जुनाट दुखण्याच्या रोग्यांसाठी वर्ग सुरू केला. त्यात श्वासाचे भान आहे, बसून ध्यान आहे आणि साधी योगासनेही आहेत. तिथे कोणी धर्म बदलत नाही, दुखणे सोसायला आणि समजायला शिकते. आपल्याच घरचे धान्य परदेशातून डब्यात बंद होऊन यावे आणि मग आपण ते महाग दराने घ्यावे, असे होऊ नये एवढेच आमचे म्हणणे.

आता तरुणाच्या प्रश्नाकडे येऊ. त्याला आम्ही आळवी गावची गोष्ट सांगितली. भगवान बुद्ध त्या गावी गेले. एका गरीब शेतकऱ्याला उपदेश ऐकायचा होता, पण त्याचा बैल हरवला. दिवसभर रानात बैल शोधून तो भुकेला, थकलेला असा सभेत आला. सर्व लोक वाट पाहत होते. भगवंतांनी उपदेश सुरू केला नाही. आधी या माणसाला जेवायला वाढा, असे सांगितले. तो जेवला, त्याचा जीव निवला, मग उपदेश झाला. भूक हा सर्वांत मोठा रोग आहे, हे भगवंतांनी त्याच प्रसंगी सांगितले. बाबासाहेबांच्या ग्रंथात तर आणखी एक बारीक नोंद आहे. बोधीच्या शोधात ध्यानाला बसण्यापूर्वी गौतमांनी चाळीस दिवस पुरेल एवढे अन्न जमवले होते. उपाशीपोटी ध्यान सांगणारा हा धम्म नव्हे.

जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीचे नाव १९९२-९३ मध्ये महाराष्ट्रभर गेले ते कुपोषणाने दगावलेल्या बालकांमुळे. त्या आयांना 'श्वासाकडे बघा' असे कोणी सांगितले असते तर ते पाप ठरले असते. तेव्हा तरुण मित्राचा राग खरा आहे. पोट आधी, पाणी आधी.

परंतु संघर्षाला भान लागत नाही, असे मात्र त्याने समजू नये. पाण्याचाच दाखला घ्या. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. परिषद संपून माणसे गावी परतण्याच्या तयारीत असताना त्यांच्यावर लाठ्याकाठ्यांनी हल्ला झाला. डोकी फुटली. आपली माणसेही कमी नव्हती, त्यांत लष्करात नोकरी केलेले गडी होते. एक शब्द मिळता तर महाडात रक्ताचे पाट वाहिले असते. बाबासाहेबांनी तो शब्द दिला नाही. त्यांनी लोकांना आवरले, शांत ठेवले. त्यांना राग आला नसेल काय? पण त्या रागाने त्यांना चालवले नाही, त्यांनीच रागाला कामाला लावले. खटला लढवला. दहा वर्षे लढवला आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयातून तळ्याचा हक्क मिळवला. दहा वर्षे एक अन्याय न विसरणे आणि एकदाही तोल न सोडणे, याला आम्ही सम्यक स्मृती म्हणतो. अन्याय विसरायला लावते ती स्मृती कसली?

तरुण वहीत लिहून घेत होता. पटले की नाही कोण जाणे, पण निघताना त्याने हात मिळवला.

मावशींचे उत्तर बाकी होते. ते दुसऱ्या दिवशी मिळाले.

आमचे यजमान एस.टी.त वाहक आहेत. त्यांच्याबरोबर आम्ही पहाटे मोखाड्याच्या बाजूला एका पाड्यावर गेलो. मावशींचे घर त्याच बाजूला. रस्त्यावरून खाली उतार, उताराच्या तळाशी विहीर. विहिरीत पाणी थोडे, तळाचा झिरा भरायला वेळ लागतो, म्हणून बाया रात्रीपासून हंडे रांगेला लावतात. बौद्ध घरातल्या बाया होत्या, वारली होत्या, ठाकूर होत्या. हंडा एकच, रांग एकच.

एकेकीने पाणी भरले, चुंबळ नीट केली, हंड्यावर हंडा चढवला, कमरेवर कळशी घेतली आणि चढ चढू लागली. पायाखाली सुटे दगड. आम्हांला मोकळ्या हातांनी चालवेना, दोनदा पाय घसरला. त्या बाया मात्र चालत होत्या. मान स्थिर, पाठ सरळ, प्रत्येक पाऊल चाचपून. कोणी हाक मारली तर अंगासकट वळायच्या, मान वळवायच्या नाहीत. थेंब सांडत नव्हता.

तेव्हा आम्हांला संयुत्त निकायातला दाखला आठवला. भगवान भिक्खूंना म्हणतात, समजा एका ठिकाणी गावची सुंदर नर्तकी नाचते-गाते आहे, भोवती गर्दी उसळली आहे. एका माणसाला तेलाने काठोकाठ भरलेले भांडे देऊन त्या गर्दीतून जायला सांगितले. मागे तलवार उपसलेला शिपाई, थेंब सांडला की मुंडके उडेल. तो माणूस भांड्यावरचे लक्ष काढून नाचाकडे पाहील काय? काठोकाठ भरलेले भांडे म्हणजे आपल्या शरीराविषयीची स्मृती, असे भगवान पुढे सांगतात.

आणखी एक गोष्ट आठवली. ज्या कुरू देशात सतिपट्ठान सुत्त सांगितले गेले, तिथल्या लोकांविषयी जुन्या अट्ठकथेत लिहिले आहे की दासदासी आणि मोलमजुरी करणारेसुद्धा सतिपट्ठानाचा अभ्यास करीत. पाणवठ्यावर आणि सूत कातण्याच्या जागी बायका एकमेकींना विचारत, "बाई, तू कोणते सतिपट्ठान करतेस?" जी करते म्हणे तिला साधुवाद मिळे, जी काहीच करीत नाही म्हणे तिला त्या रागे भरत आणि शिकवत. विहारात नव्हे, पाणवठ्यावर हे चाले! आणि आम्ही आदल्या रात्री मावशींना "सवड मिळेल तसे करा" असे सांगून मोकळे झालो होतो.

चढ संपल्यावर मावशींनी हंडे उतरवले. आम्ही त्यांना दोन्ही गोष्टी सांगितल्या. पदराने घाम पुसत त्या ऐकत राहिल्या. मग हसल्या. "म्हंजे हे तर आमी रोज करतो, दादा. फक्त डोकं हंड्यावर असतं आन्‌ मन काल सुनेशी झालेल्या भांडणात."

आम्ही आजवर ऐकलेल्या प्रवचनांत एवढे नेमके वाक्य आठवत नाही.

इथे आमचीच एक गोष्ट कबूल करतो. काही वर्षांपूर्वी आम्ही रोज पहाटे ध्यानाला बसू लागलो. खोली एकच, त्यामुळे घरच्यांनी आवाज करायचा नाही असा आमचा हुकूम. एके दिवशी नळाला पाणी आले आणि बादल्या वाजल्या. आम्ही डोळे उघडून असे ओरडलो की धाकटी नात रडू लागली. मंडळी शांतपणे म्हणाली, "पाणी पाच वाजता येतं आणि साडेपाचला जातं. तुमचं ध्यान दुपारीही होईल." आमची मान खाली गेली. ज्या घरात एकाला बसायला वेळ मिळतो, तिथे बहुधा दुसरे कोणी उभे असते. त्या दिवसापासून पाच वाजता आम्ही बादल्या भरतो, मग बसतो. आमच्या मते आमचे ध्यान त्या दिवसापासून सुरू झाले.

एक सावधगिरीही सांगून ठेवतो. हंडा वाहणे हेच ध्यान, मग नळ कशाला, असे कोणी म्हणू लागेल. तसे म्हणणारा एक तर दुष्ट असेल किंवा त्याने कधी हंडा उचलला नसेल. ओझ्याचे खरे भान आले की ओझे का आहे हाही प्रश्न येतो. मान का दुखते, नंबर का लावावा लागतो, धरण इथे आणि तहानही इथेच हे कसे? तो प्रश्न ग्रामसभेत शांतपणे, पुन्हा पुन्हा, कागदावर लिहून विचारणे हाही त्याच स्मृतीचा भाग आहे. अर्जाची पोच घ्यायला विसरू नये.

आता रोजच्या व्यवहारात काय करावे, ते थोडक्यात सांगतो. यात खर्च काही नाही.

पहिली गोष्ट, उठल्याबरोबर अंथरुणातच बसून दहा श्वास जाणावेत. श्वास आला, श्वास गेला. मन पळाले तर रागावू नये, परत आणावे. झोप येत असेल तर उभे राहून करावे. थकलेल्या शरीराला झोप येणे हा अपराध नाही.

दुसरी गोष्ट, दिवसातले एक काम निवडावे. भाकरी थापणे, हंडा वाहणे, मशीन पुसणे, झाडू मारणे, कोणतेही. तेवढ्या कामात मन कामातच ठेवायचे. हात पिठात असेल तर मनही पिठात. सतिपट्ठान सुत्तात चालणे, वाकणे, खाणे, पिणे, वस्त्र नेसणे या सर्वांत भान ठेवायला सांगितलेच आहे.

तिसरी गोष्ट, शरीराची काळजी. आवणीच्या दिवसांत दिवसभर वाकून कंबर धरते, वीटभट्टीवर खांदे भरून येतात. संध्याकाळी भिंतीला पाठ लावून ताठ उभे राहावे, दोन्ही हात सावकाश वर न्यावेत, पाच श्वास थांबावे. मग उताणे निजून एकेक गुडघा छातीशी घ्यावा. जिथे दुखेल तिथे थांबावे, जोर करू नये. रक्तदाब वा हृदयविकार असणाऱ्यांनी आणि गरोदर बायांनी श्वास कोंडण्याचे प्रकार करू नयेत. दुखणे जुने असेल, पायाला मुंग्या येत असतील तर डॉक्टरला दाखवावे. आसने औषधाची जागा घेत नाहीत.

चौथी गोष्ट, रागाची. राग आला की आधी अंगात पाहावे. कान तापले का, मूठ वळली का, श्वास आखूड झाला का? एवढे पाहायला तीन श्वास लागतात. त्या तीन श्वासांत किती घरे मोडता मोडता वाचतील! मग जे बोलायचे ते जरूर बोलावे.

पाचवी गोष्ट, दारूची. पंचशीलातल्या पाचव्या शीलात दारूला प्रमादाचे, म्हणजे बेसावधपणाचे कारण म्हटले आहे. दिवसभर वीस मिनिटे ध्यान करून रात्री ग्लास भरणे म्हणजे भरलेला हंडा दाराशी आणून ओतून देणे. भगवंतांचा शेवटचा उपदेशही अप्रमादाचाच होता.

सहावी गोष्ट घरातल्या पुरुषांसाठी. घरातल्या बाईला रोज पंधरा मिनिटे मोकळी बसू द्या. त्या वेळात चूल, पोर, पाणी तुम्ही पाहा. तिने ध्यान करावे किंवा नुसते बसावे, ती तिची मर्जी.

आषाढ पौर्णिमेपासून वर्षावास सुरू होईल. आश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने या सहापैकी एक तरी गोष्ट कुटुंबाने मिळून करावी. विहारात आठवड्याला भेटाल तेव्हा कुरू देशातल्या बायांसारखे एकमेकांना विचारावे, "या आठवड्यात तुम्ही कोणते काम भानावर राहून केले?" ज्याला जमले नाही त्याला हिणवू नये.

परवा आमच्या यजमानांचा फोन आला होता. पाऊस सुरू झाला आहे, विहीर वर येऊ लागली आहे. तो तरुण आणि पाड्यावरच्या बाया मिळून पाण्याच्या योजनेचा अर्ज देऊन आल्या आणि पोच घेतली. मावशींनी आम्हांला निरोप पाठवला आहे : "दादांना सांगा, सुनेशी भांडण मिटलं. हंडा आता हलका वाटतो असं काही नाही, पण वाट लवकर सरते."

सर्वांना मंगल कामना. जयभीम!